जुने रीळ आणि थेंबभर तेल



वंगण हा शब्द आपल्याला नवा नाही. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना आठवत असेल, की गाडीच्या बुडाशी वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. आस कोरडा पडला की चाक कुरकुरू लागे आणि बैलांना ओढ जड जाई. मग गाडीवान उतरे, एरंडेलात भिजवलेली चिंधी आसाला देई, आणि गाडी पुन्हा मुकाट्याने चालू लागे. गाडीवानाला ते एकच वंगण पुरत असे. कारण गाडीत फिरणारा भाग एकाच प्रकारचा, आणि तोही सावकाश फिरणारा.

पुढे घरोघर यंत्रे आली. शिवणयंत्र आले, सायकल आली, पाण्याचा पंप आला, मोटारसायकल आली. यंत्रे बदलली, पण वंगणाविषयीची आपली समजूत मात्र पुष्कळदा त्या गाडीच्या आसापाशीच राहिली. काही कुरकुरले की हाताला लागेल ते तेल घ्यायचे आणि घालायचे. चार थेंबांनी भागले नाही, तर आणखी चार. चांगली यंत्रे नुसत्या वापराने मरतात त्याहून अधिक अशा आंधळ्या मायेने मरतात, असे मला वाटते. म्हणून आज आपण एवढेच पाहू, की एखादे जुने यंत्र उघडून, पुसून, पुन्हा जुळवताना कोणत्या जागी कोणते वंगण द्यावे, आणि कोणत्या जागी मुळीच देऊ नये.

उदाहरणासाठी मी जरा वेगळे यंत्र निवडले आहे. मासे पकडण्याच्या काठीला दोरी गुंडाळण्यासाठी जे रीळ बसवतात, ते. तुमच्यातले कित्येकजण म्हणतील, ‘आमच्या गावाला ना समुद्र ना तलाव, रीळ घेऊन आम्ही काय करू?’ तुमचे म्हणणे खरे. पण हे मुठीत मावणारे यंत्र मोठे शिकवणारे आहे. त्यात वेगाने फिरणारी फिरकी आहे, भार ओढणारी दातेरी चाके आहेत, चाक उलटे फिरू न देणारी खिटी आहे, आणि ब्रेकही आहे. शिवाय त्याची गाठ पडते ती पाण्याशी, वाळूशी आणि मिठाशी. वंगणाचे जेवढे म्हणून प्रश्न आहेत, ते सगळे या एका मुठीत येतात. रीळ समजले, की सायकल आणि शिवणयंत्र आपोआप समजतात.

रीळ तसे फार जुने यंत्र. मा युआन या चिनी चित्रकाराच्या ११९५ च्या सुमाराच्या एका चित्रात होडीत बसलेला एक एकटा माणूस गळ टाकून बसला आहे, आणि त्याच्या काठीला रीळ आहे. रिळाचे हे सर्वांत जुने चित्र मानतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत, केंटकी राज्यात, जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने दातेरी चाकांचे रीळ केले. मूठ एकदा फिरवली की फिरकी अनेकदा फिरावी, अशी त्याची रचना. इंग्लंडात १९०५ मध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी एक निराळेच रीळ काढले. हे गृहस्थ कापडगिरण्यांच्या धंद्यातले. गिरणीत कांडीच्या टोकावरून सूत सुटते, तशीच त्यांच्या रिळाची दोरी फिरकीच्या टोकावरून सुटे. स्वीडनमधल्या आबू कारखान्याची गोष्टही अशीच. तो १९२१ मध्ये घड्याळांसाठी निघाला, मग टॅक्सीची मीटर करू लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात मीटरची मागणी बसल्यावर रिळांकडे वळला.

हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच, की रीळ हे घड्याळजीच्या हातून घडलेले यंत्र आहे. पण घड्याळाला कधी पाच किलोचा मासा ओढावा लागत नाही, रिळाला तो ओढावा लागतो. म्हणून मी म्हणतो, रिळात अर्धे घड्याळ आहे आणि अर्धी बैलगाडी आहे. घड्याळाला द्यायचे वंगण गाडीला चालत नाही, आणि गाडीचे घड्याळाला चालत नाही. आजच्या भाषणाचे सार म्हणाल तर तेवढेच आहे. बाकी सारा तपशील.

आपल्या कोकणात जाळे हे मुख्य, पण खडकावर बसून गरवणारेही पुष्कळ. त्यांतल्या काही घरांच्या माळ्यांवर जुनी परदेशी रिळे सापडतात, आणि याचेही कारण आहे. रत्नागिरीकडची पुष्कळ माणसे बोटीवर खलाशी म्हणून जात. परदेशच्या बंदरात कुणी रेडिओ घेई, कुणी घड्याळ घेई, आणि मासे पकडण्याचा नाद असलेला कुणी एखादे रीळ घेऊन येई. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी असेच एक रीळ रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आला होता. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९३२ मध्ये सुरू झालेल्या पेन कंपनीचे ते रीळ. मला म्हणाला, “सर, वडिलांचं आहे. टाकवत नाही, आणि वापरवतही नाही.”

झाले होते असे. वडील गेल्यावर रीळ सात-आठ वर्षे माळ्यावर पडून होते. याने ते काढले, गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवले. त्या गृहस्थाने मोटारच्या चाकाचे ग्रीज घेऊन सगळ्या रिळात गच्च भरले, ब्रेकमध्येसुद्धा. मूठ फिरू लागली, काम झाले. पुढे एकदा खाडीच्या तोंडाशी गळाला चांगला मोठा जिताडा लागला. माशाने ओढ घेतली. अशा वेळी ब्रेकने जरा घसरून दोरी सोडायला हवी. पण मिठाने आणि सुकलेल्या ग्रीजने त्याच्या चकत्या एकमेकींना चिकटल्या होत्या. क्षणभर ब्रेक हलला नाही, मग एकदम सुटला, पुन्हा अडकला, आणि नायलॉनचा तंगूस तटकन तुटला. मासा गेला त्याचे दुःख त्याला नव्हते. “रीळच आता संपलं का सर?” एवढेच तो विचारत होता.

रीळ संपले नव्हते. श्रोतेहो, त्या काळची बहुतेक यंत्रे अशी आहेत, की ती स्क्रूंनी जोडलेली असतात, डिंकाने नव्हे. जे स्क्रूने जोडले ते उघडता येते, आणि जे उघडता येते ते बहुधा वाचवता येते. आम्ही ते उघडले. कसे, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट तेलाची नाहीच, ती सफाईची. जुन्या घाणीवर नवे तेल घालणे म्हणजे न धुतलेल्या भांड्यात दूध तापवणे. एक पांढरे फडके पसरा. मिसळणाचा रिकामा डबा घ्या. एकेक भाग सुटेल तसा एकेका वाटीत ठेवत जा. आता बहुतेकांच्या खिशात छायाचित्र काढणारा फोन असतो. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी एक छायाचित्र काढा. चकत्यांचा क्रम चुकला, तर उत्तम वंगणही काही कामाचे नाही. आणि स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा घ्या. खाच एकदा बिघडली की पुढचे काम दुप्पट होते.

सुटे भाग धुण्यासाठी रॉकेल चांगले. ते न मिळाले तर रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन. जुना दातघासणीचा ब्रश घ्या आणि काम ओट्यावर नव्हे, अंगणात करा. जवळपास विडी-काडी, चूल, समई असू नये. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ फार झटकन पेट घेते. नखाचा रंग काढण्याचे द्रव, म्हणजे अ‍ॅसिटोन, हे प्लॅस्टिकच्या भागांना खाते. कॉस्टिक सोडा तर अ‍ॅल्युमिनियमला जवळही आणू नका. तो धातूच विरघळवतो. रॉकेलने धुतलेला भाग साबणाच्या कोमट पाण्यातून काढावा आणि सावलीत पूर्ण कोरडा होऊ द्यावा. चामड्याच्या, नमद्याच्या किंवा कागदी चकत्या मात्र धुण्यात टाकू नका. त्या पुसूनच घ्याव्यात.

एक इशारा येथेच देतो. फार जुन्या रिळांतल्या ब्रेकच्या चकत्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. अशी शंका असेल तर त्या चकत्या घासू नयेत, फुंकू नयेत. ओल्या फडक्याने उचलून पिशवीत बंद कराव्यात आणि नव्या घालाव्यात.

धुतल्यानंतर यंत्र कोरडे ठणठणीत होते, आणि आता आपला मुख्य प्रश्न येतो. घालायचे काय?

घरात तेले पुष्कळ असतात. शेंगदाण्याचे आहे, करडईचे आहे, डोक्याला लावायचे खोबरेल आहे. ही तेले खायला आणि माखायला उत्तम, यंत्राला मात्र वाईट. का, ते समजून घ्या. वनस्पतीचे तेल हवेतला प्राणवायू घेते. त्याचे कण एकमेकांना जोडले जातात, तेल दाट होते, चिकट होते आणि शेवटी त्याचा डिंक होतो. जवसाचे तेल तर याच गुणासाठी रंगात घालतात. ते वाळावे हीच तेथे अपेक्षा असते. करडईही वाळणाऱ्यांतलीच. तळणीच्या कढईच्या बाहेरच्या अंगाला जो पिवळा चिकट थर बसतो आणि राखेनेही निघत नाही, तोच थर तुमच्या यंत्राच्या पोटात बसतो. खोबरेल असे चटकन वाळत नाही, पण थंडीत थिजते, आणि जुने होऊन खवट झाले की त्यात आम्ल तयार होते. पितळेच्या चाकावर हिरवट थर चढतो तो त्यामुळे. एरंडेल या सगळ्यांत उजवे. पूर्वी शर्यतीच्या मोटारींच्या इंजिनांतसुद्धा ते घालत, आणि ‘कॅस्ट्रॉल’ या प्रसिद्ध नावाचे मूळ एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावातच आहे. पण कालांतराने तेही चिकट होते. गाडीच्या आसाला ते चालले, कारण तेथे रोज नवे वंगण पडत होते आणि फेरे सावकाश होते.

एके काळी नाजूक यंत्रांसाठी एक नावाजलेले तेल होते ते स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यातले. ते लवकर चिकट होत नसे. त्या तेलासाठी माणसाने देवमाशांची अमाप शिकार केली. अखेर १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला आणि तो १९८६ पासून अमलात आला. आज शुद्ध केलेली खनिज तेले आणि कारखान्यात घडवलेली तेले तेच काम करतात. एका थेंबाच्या पाठीमागे केवढा इतिहास असतो, पाहा.

आता तेल आणि ग्रीज यांतला भेद. तेल वाहते. जेथे घालाल तेथून पुढे सरकते, बारीक फटीत शिरते. ग्रीज म्हणजे काही निराळा पदार्थ नव्हे. ते तेलच असते, पण साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले. स्पंजने पाणी धरावे तसे. दाब पडला की ते तेल सोडते, पण जागा सोडत नाही. हा साबण कोणता, यावर ग्रीजचा स्वभाव ठरतो. सोडियमच्या साबणाचे ग्रीज पाण्याला टिकत नाही. कॅल्शियमचे आणि लिथियमचे टिकते. लिथियमचे ग्रीज १९४० नंतर बाजारात आले आणि आता ते सर्वत्र मिळते. डब्यावर जो २ किंवा १ असा आकडा असतो, तो त्याच्या घट्टपणाचा. आकडा जितका मोठा तितके ग्रीज घट्ट. लहान यंत्राला मऊ ग्रीज बरे.

मग निवड कशी करावी? प्रत्येक जागेला तीन प्रश्न विचारा. हा भाग वेगाने फिरतो की सावकाश? त्याच्यावर भार किती? आणि तेथे पाणी किंवा धूळ पोचते का? वेग जास्त, भार कमी, तर पातळ तेल. वेग कमी, भार जास्त, तर ग्रीज. आणि चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, तो पुष्कळजण विसरतात: या भागाचे काम घसरण्याचे आहे की धरण्याचे?

हे प्रश्न घेऊन आता रिळात शिरू.

फिरकीपासून आरंभ करू. गळ फेकला की फिरकी मिनिटाला कित्येक हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरते, आणि तिच्यावर भार म्हणाल तर नुसत्या दोरीचा. हे झाले रिळातले घड्याळ. तिच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगना शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एकेक थेंब, फार तर दोन. ग्रीज भराल तर फेक निम्म्यावर येईल, कारण फिरकीची सगळी ताकद ग्रीज ढवळण्यातच जाईल. मात्र जे मोठे रीळ होडीतून नुसते दोरी सोडण्यासाठी असते, ज्याने गळ फेकायचा नसतो, त्याच्या बेअरिंगमध्ये ग्रीज भरणेच योग्य. तेथे लांब फेक नको, मिठापासून रक्षण हवे. जागा तीच, पण काम बदलले की वंगण बदलते.

दुसरी दातेरी चाके. यांच्यावर माशाचा सगळा भार येतो आणि ती सावकाश फिरतात. ही आपली बैलगाडी. येथे ग्रीज हवे, पण पोळीला तूप लावावे तसे, पुरणात तूप ओतावे तसे नव्हे. दाताच्या अंगाला पातळ थर बसला म्हणजे झाले. जास्तीचे ग्रीज दातांच्या बाहेर फेकले जाते आणि नको तेथे जाऊन बसते.

तिसरी ती खिटी. मूठ उलटी फिरू नये म्हणून दातेरी चक्राला अडकणारा हा लहानसा तुकडा, आणि त्याला रेटणारी केसासारखी स्प्रिंग. येथे घट्ट ग्रीज गेले की खिटी वेळेवर पडत नाही. मासा ओढतो, मूठ उलटी गरकन फिरते आणि बोटे फोडते. म्हणून येथे पातळ तेलाचा पुसटसा हात, बस्स. नव्या रिळांत खिटीऐवजी रुळांचे बंद बेअरिंग असते. त्यालाही हाच नियम. तेथे ग्रीज गेले तर ते धरायचे तेथे घसरते.

दोरी सारखी पसरवणारा जो आडवा आटा काही रिळांना असतो, तो उघडा असतो. त्याला पातळ तेल द्यावे. ग्रीज दिले तर वाळूचे कण त्यात रुततात, आणि वाळू व ग्रीज मिळून कानशीचे काम करतात.

आता ब्रेक. वर म्हटलेला चौथा प्रश्न येथे लागू होतो. ब्रेकचे काम धरण्याचे, पण आंधळेपणाने नव्हे. ठरल्या ओढीला त्याने एकसारखे, धक्का न देता सुटले पाहिजे. दोरी नऊ किलोला तुटत असेल तर ब्रेक सुमारे तीन किलोला किंवा त्याहून थोडा आधी सुटावा, असा जाणत्यांचा अंदाज आहे. ब्रेकच्या चकत्या निरनिराळ्या पदार्थांच्या असतात, आणि वायसर पाहूनच औषध ठरवावे. चामड्याची किंवा नमद्याची चकती अगदी कोरडी पडली तर कडक होते. तिला त्यासाठीचे तेल किंवा ग्रीज थोडेसे मुरू द्यावे लागते. धातूची चकती स्वच्छ आणि कोरडी ठेवावी. अलीकडच्या कार्बनच्या तंतूंच्या चकत्या कोरड्याही चालतात, किंवा खास ब्रेकसाठी मिळणाऱ्या ग्रीजचा पातळ हात देऊनही चालतात. यात जाणकारांचे दोन पक्ष आहेत. कोरडी चकती जास्त जोर देते. ग्रीज लावलेली चकती अधिक मऊ सुटते आणि खारे पाणी आत येऊ देत नाही. कोणताही पक्ष धरा, पण सगळ्या चकत्यांना सारखाच न्याय लावा. आणि मोटारचे साधे ग्रीज येथे नको म्हणजे नको. माझ्या विद्यार्थ्याच्या रिळाचे दुखणे नेमके येथे होते. कुरकुर होती दातेरी चाकात, आणि उपचार झाला ब्रेकवर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

आम्ही त्याच्या जुन्या चकत्या काढून त्याच मापाच्या कार्बनच्या चकत्या घातल्या, दातेरी चाकांना ग्रीजचा हात दिला, फिरकीला दोन टोकांना दोन थेंब दिले. एक चाक मात्र दातांवर झिजलेले होते. ते झिजलेलेच राहिले. वंगण झीज थांबवते, झालेली झीज भरून देत नाही. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण रीळ चालू लागले. मूठ फिरवताना तो मुलगा डोळे मिटून आवाज ऐकत होता. म्हणाला, “असाच आवाज यायचा, सर.”

आता मिठाविषयी. रिळात पितळ, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम शेजारी शेजारी असतात. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी, एवढे जमले की विजेची एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते. पांढरी भुकटी दिसते ती त्याचीच. म्हणून जेथे दोन धातू भेटतात तेथे, स्क्रूच्या आट्यांवर आणि चौकटीच्या आतल्या अंगाला, पाण्याला टिकणाऱ्या ग्रीजचा अगदी पुसट थर द्यावा. हे वंगण फिरण्यासाठी नव्हे, पाण्याला वाट बंद करण्यासाठी. येथे ग्राफाइटचे ग्रीज मात्र टाळा. कुलपाला ग्राफाइट चांगले, पण खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या शेजारी ते गंज वाढवते.

समुद्रावरून आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली, ब्रेक आवळून, धुवावे. जोराचा फवारा मारू नये, तो मीठ आत ढकलतो. मग पुसून, ब्रेक सैल सोडून, सावलीत ठेवावे. पावसाळ्यात रीळ ठेवून देताना ब्रेक सैल असलाच पाहिजे, नाहीतर नारळी पौर्णिमेला चकत्या दबून चपट्या झालेल्या सापडतील.

आणखी तीन गोष्टी टाळा. डब्ल्यूडी-४० नावाचा फवारा आता तालुक्याच्या गावीही मिळतो. तो १९५३ मध्ये अमेरिकेत निघाला, पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नात साधला म्हणून त्याच्या नावात चाळीस. अडकलेला स्क्रू सोडवायला तो उत्तम. पण त्याचा बराच भाग उडून जातो आणि मागे राहतो तो थर फार बारीक. दातेरी चाकांना तो पुरत नाही. दुसरे, इंजिनमधून काढलेले काळे तेल. त्यात धातूचे कण आणि आम्ल असते. फुकट मिळते म्हणून घेऊ नये. तिसरे, निरनिराळी ग्रीजे एकमेकांत मिसळणे. दोन साबणांचे जमले नाही तर ग्रीज पातळ होऊन वाहून जाते. नवे घालायचे तर जुने पुरते पुसून काढावे.

आता हेच शहाणपण घेऊन घरी चला. सायकल पाहा. चाकाच्या तुंब्यात आणि पायडलच्या आसात छर्रे असतात. ते सावकाश फिरतात आणि भार मोठा, म्हणून ग्रीज. साखळीला तेल, आणि वरचे तेल फडक्याने पुसून टाकायचे, कारण वंगण हवे ते कड्यांच्या आत. फ्रीव्हीलमधून जो कटकट आवाज येतो तो आपल्या ओळखीच्या खिटीचाच. तेथे ग्रीज भरले की खिटी चिकटते आणि पायडल रिकामे फिरते. म्हणून पातळ तेल. आणि चाकाच्या धावेवर, जेथे ब्रेकचे रबर धरते, तेथे एक थेंबही नाही. शिवणयंत्र हे तर बहुतेक घड्याळच. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर त्याच्या भोकांत शिवणयंत्राचेच तेल एकेक थेंब, मग चिंधीवर थोडी शिवण मारायची, म्हणजे जास्तीचे तेल चिंधी घेईल आणि नव्या कापडाला डाग पडणार नाही. खोबरेल घालून जड झालेले शिवणयंत्र कितीतरी घरांत ‘बिघडले’ म्हणून कोपऱ्यात पडून असते. ते बिघडलेले नसते, आतून चिकटलेले असते. ज्या घरात त्या यंत्रावर चार पैसे मिळत होते, त्या घराला हा फरक फार मोठा आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. घर्षणाचा धडा फळ्यावर शिकवून झाला, की एक काचपट्टी तिरपी ठेवा आणि तिच्या वरच्या कडेला चार थेंब द्या: शिवणयंत्राचे तेल, मोटारसायकलचे तेल, एरंडेल आणि शेवटी किंचित ग्रीज. कोण किती सेकंदांत खाली येतो ते मुलांना मोजू द्या. दुसऱ्या काचेवर जवसाचे, करडईचे आणि शिवणयंत्राचे तेल पातळ पसरा, धुळीपासून झाकून महिनाभर ठेवा, आणि मग मुलांना बोट लावून पाहू द्या. कोणते तेल तेल राहिले आणि कोणते डिंक झाले, हे त्यांना जन्मभर सांगावे लागणार नाही. आणि शाळेत ताणकाटा असेल, एखाद्याच्या घरी रीळ असेल, तर दोरीला काटा लावून सावकाश ओढा. काटा एका आकड्यावर स्थिर राहिला तर ब्रेक चांगला. तो उड्या मारू लागला तर आत कोठेतरी चिकटते आहे.

श्रोतेहो, नवे यंत्र घ्यायला पैसे लागतात, जुने यंत्र सांभाळायला लक्ष लागते. शिवणयंत्राच्या तेलाची लहान बाटली आणि मऊ ग्रीजची एक डबी घरात असली, तर घरातल्या बहुतेक लहान यंत्रांचे काम भागते. तेल घालण्यापूर्वी त्या जागेला विचारा, की बाई, तू धावतेस, की ओढतेस, की धरतेस? ती जे उत्तर देईल तेवढेच तिला द्या.